इंटरनेटवरील विपणन : एका विद्यार्थ्याची उमेदवारी
(व्याख्यानाचा मजकूर)



व्यापाराचे शिक्षण पूर्वी दुकानाच्या गादीवर मिळत असे. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की शाळा सुटल्यावर दुकानी येई, ताके उचलून ठेवी, गजाने कापड मोजी आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखण्यास हळूहळू शिके. किर्द-खतावणी त्यानंतरची. आज तोच मुलगा दिवसा बी.कॉम.च्या वर्गात बसतो आणि संध्याकाळी संगणकासमोर बसून ‘इंटरनेट मार्केटिंग’ व ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’, म्हणजे ज्याला थोडक्यात ‘एसईओ’ म्हणतात, ते शिकतो. घरातील वडीलधाऱ्यांना साहजिकच प्रश्न पडतो, की हे शिक्षण व्यापाराचे की निव्वळ युक्त्यांचे? या प्रश्नाचे उत्तर एका विद्यार्थ्याच्या उमेदवारीतून शोधण्याचा येथे प्रयत्न आहे.

हा विद्यार्थी कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचा. घरी आजोबांच्या वेळेपासूनची, साठ वर्षांची कापडाची पेढी. इचलकरंजी जवळ असल्याने यंत्रमागाचा माल सहज येतो, आणि सीमेपलीकडील बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावच्या साड्या, ज्यांना आपल्याकडील भगिनी ‘इरकल’ म्हणतात, त्या पिढ्यान्‌पिढ्या या दुकानात विकल्या जातात. अलीकडे मात्र लग्नसराईतही दुकानातील गर्दी ओसरू लागली होती. गावातील तरुण मंडळी मोबाईलवर साड्या पाहून मोठ्या शहरातून मागवू लागली होती. वडील चिंतेत होते. मुलाने कॉलेजबरोबर तीन महिन्यांचा एक वर्ग लावला आणि दुकानाचे संकेतस्थळ तयार करण्याचे काम अंगावर घेतले.

पहिला धडा अपेक्षाभंगाचा होता. संकेतस्थळ तयार झाले, घरात पेढे वाटले गेले, परंतु गुगलवर दुकानाचे नाव लिहिले असता काहीच दिसेना. तेव्हा त्यास कळले, की दुकान उघडणे आणि दुकानाचा पत्ता लोकांना ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधयंत्राचे काम तीन पायऱ्यांनी चालते. प्रथम त्याचे स्वयंचलित कार्यक्रम एका पानावरील दुव्यांवरून दुसऱ्या पानावर जात जगभरातील पाने वाचतात. नंतर वाचलेल्या पानांची एक अवाढव्य सूची तयार होते. शेवटी कोणी प्रश्न विचारला, की त्या सूचीतून योग्य वाटतील ती पाने क्रमाने मांडली जातात. ज्या पानाकडे कोणताही दुवा जात नाही, ते पान आडवळणाच्या बोळातील पाटी नसलेल्या दुकानासारखे असते.

दुसरी चूक खास मराठी होती. दुकानाच्या जुन्या जाहिरातींचा मजकूर छापखान्यातून आणून त्याने जसाच्या तसा संकेतस्थळावर चिकटवला. तो मजकूर जुन्या पद्धतीच्या डीटीपी फाँटमध्ये असल्याने पडद्यावर अर्थहीन अक्षरे उमटली. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठीच शोधयंत्र मराठी म्हणून वाचू शकते, हे त्यास तेव्हा समजले. तीच गोष्ट चित्रांची. दिवाळीच्या सवलतीचा सुंदर फलक त्याने छायाचित्र म्हणून लावला होता. परंतु चित्रातील अक्षरांवर विसंबून चालत नाही, तोच मजकूर पानावर अक्षरांत लिहावा लागतो आणि चित्रासोबत त्याचे शाब्दिक वर्णनही द्यावे लागते. दोन रात्री बसून त्याने सर्व मजकूर नव्याने टंकलिखित केला.

यानंतर त्याचा अभ्यास सुरू झाला तो शब्दांचा. लोक कोणते शब्द लिहून शोध घेतात, यास त्या विद्येत फार महत्त्व आहे. वर्गात दाखविलेल्या साधनांनी त्यास मोठमोठ्या याद्या दिल्या. त्या बहुतेक इंग्रजी होत्या. एके दिवशी वडील बाहेरगावी गेल्याने तो दिवसभर गादीवर बसला आणि एका वहीत गिऱ्हाइकांचे शब्द टिपू लागला. कोणी म्हणे ‘बस्ता बांधायचा आहे’, कोणी ‘आहेराच्या साड्या दाखवा’, कोणी ‘आईसाठी नऊवारी हवी, पण मऊ’, कोणी ‘इरकल धुतल्यावर रंग जातो का?’ असे विचारी. लग्नाच्या कपड्यांची एकत्रित खरेदी म्हणजे ‘बस्ता’. हा शब्द त्या परदेशी याद्यांत कोठेच नव्हता. त्याने आहेराच्या साड्यांसाठी वेगळे पान केले, बस्त्यासाठी वेगळे, आणि रंग टिकविण्यासाठी पहिली धुलाई कशी करावी याची माहिती आजीला विचारून लिहिली. साडी हा शब्द रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिला जातो, याचीही त्याने नोंद ठेवली. त्या वहीचा उपयोग वर्गातील सर्व साधनांहून अधिक झाला. गादीवरचे जुने शिक्षण आणि संगणकावरील नवे शिक्षण यांची ही पहिली भेट होय.

बंधु-भगिनींनो, या विद्येचा इतिहासही विद्यार्थ्यांनीच घडविलेला आहे. १९९० साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात शिकणाऱ्या ॲलन एमटेज या बार्बाडोसच्या तरुणाने ‘आर्ची’ हे इंटरनेटवरील पहिले शोधयंत्र तयार केले. ते केवळ फाईलींची नावे शोधून देत असे. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गे ब्रिन या संशोधक विद्यार्थ्यांनी १९९६ च्या सुमारास एक निराळा विचार मांडला. विद्वानांच्या जगात ज्या निबंधाचा उल्लेख इतर विद्वान वारंवार करतात तो निबंध महत्त्वाचा मानला जातो. तद्वतच ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवितात, ते पान अधिक विश्वसनीय मानावे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर ही बाजारातील पत होय. पत स्वतः सांगून मिळत नाही. ती इतरांनी सांगावी लागते, आणि सांगणाऱ्याचीही पत असावी लागते. सप्टेंबर १९९८ मध्ये याच विचारावर गुगल कंपनीची स्थापना झाली. त्याच वर्षीच्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात त्या दोघांनी असाही इशारा दिला होता, की जाहिरातींच्या पैशांवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकण्याची शक्यता असते. ऑक्टोबर २००० मध्ये गुगलनेच जाहिरातींची योजना सुरू केली, हा काळाचा महिमा!

म्हणून विद्यार्थ्याने दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या समजून घेतल्या. पैसे भरून दिलेली जाहिरात वेगळी. तिच्यावर तसा उल्लेख असतो, बहुधा प्रत्येक टिचकीचे पैसे पडतात आणि पैसे थांबले की जाहिरात थांबते. पैसे न भरता मिळणारे स्थान वेगळे. ते गुगलकडून विकत मिळत नाही, कष्टाने मिळवावे लागते. वर्तमानपत्रातील जाहिरात आणि गावकऱ्यांनी तोंडी केलेली शिफारस यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

आता या उमेदवारीतील मुख्य प्रसंग.

साधनांवरून त्याच्या ध्यानात आले, की ‘हातमागाची इरकल’ असा शोध घेणारे लोक पुष्कळ आहेत, तर ‘यंत्रमागाची इरकल’ असे कोणीच शोधत नाही. दुकानात हातमागाच्या साड्या मोजक्याच होत्या. बाकी माल यंत्रमागाचा, साडेआठशे-नऊशे रुपयांचा. लोक जे शोधतात तेच शब्द पानावर असावेत, एवढे सूत्र त्याने पाठ केले होते. त्याने सर्वच साड्यांच्या वर्णनात ‘हातमाग’ हा शब्द घातला. त्यास त्यात वावगे वाटले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. वाईट हेतूने नव्हे, तर गुण मिळविण्याच्या उत्साहात ते घडले. दोन-अडीच महिन्यांत पानावर येणाऱ्यांची संख्या वाढली. पुण्या-मुंबईहून दूरध्वनी येऊ लागले. वडिलांना मुलाचा अभिमान वाटू लागला.

मग एक दिवस पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचा दूरध्वनी आला. त्यांनी आपल्या आईच्या पंच्याहत्तरीसाठी साडी मागविली होती. त्या रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “आईने पदरावर हात फिरवला आणि म्हणाली, ही आपली इरकल नव्हे.” त्या वृद्ध माउलीचे बालपण इळकलजवळच्या एका खेड्यात गेले होते. तिच्या बोटांनी जे ओळखले ते कोणत्याही यंत्रास कळले नव्हते.

संध्याकाळी आजोबांनी नातवास जवळ बसविले. त्यांना संगणक येत नव्हता. त्यांनी पानावरील वर्णन मोठ्याने वाचावयास सांगितले. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, “बाळ, ती बाई दुकानात समोर बसली असती, तर ही साडी हातमागाची आहे असे तू तोंडाने म्हणाला असतास का?”

“नाही, आप्पा.”

“मग लिहिताना कसे म्हणालास?”

नातू म्हणाला, “आप्पा, लोक तोच शब्द शोधतात. तो काढला तर आपण कोणाला दिसणारच नाही.”

आजोबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “न दिसलेले दुकान उद्या दिसेल. खोटे दिसलेले दुकान पुन्हा कोणी बघणार नाही.”

वडिलांचे मत थोडे वेगळे होते. “सगळे जण असेच लिहितात, आपण एकट्याने काढून काय होणार?” असे ते म्हणाले. लग्नसराई तोंडावर होती आणि गोदामात माल भरलेला होता. हा प्रश्न खरा होता. तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. घरात दोन दिवस चर्चा झाली. अखेर त्या शिक्षिकांना पूर्ण पैसे परत पाठविण्यात आले. तोवर त्या वर्णनावरून ज्या ज्या ग्राहकांना साडी गेली होती, त्या सर्वांना कळवून परतीची तयारी दाखविण्यात आली. नऊ जणांनी साड्या परत केल्या. प्रत्येक साडीपुढे ‘हातमाग’ किंवा ‘यंत्रमाग’ असे स्पष्ट लिहिले गेले. अपेक्षेप्रमाणे येणाऱ्यांची संख्या घटली, आणि ते लग्नसराईचे दिवस कठीण गेले.

याच काळात एका सल्लागाराने पंधरा दिवसांत गुगलवर पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी देऊन मोठी रक्कम मागितली. वडिलांचे मन डळमळले. तेव्हा मुलाने त्यांना गुगलच्याच मार्गदर्शनातील मजकूर दाखविला : पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि केलेल्या सुधारणांचा लाभ दिसण्यास साधारणतः चार महिने ते एक वर्ष लागू शकते. सोबत त्याने दोन घटनाही सांगितल्या.

पहिली घटना २००६ सालची. बी.एम.डब्ल्यू. या सुप्रसिद्ध मोटार कंपनीच्या जर्मन संकेतस्थळावर शोधयंत्राला एक मजकूर व माणसाला दुसरे पान दिसेल, अशी व्यवस्था केलेली होती. गुगलने ते संकेतस्थळ काही दिवस आपल्या सूचीतूनच काढून टाकले. दुसरी घटना कापड व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. जे. सी. पेनी ही अमेरिकेतील कपडे व गृहोपयोगी वस्तूंची जुनी पेढी. २०१० च्या अखेरीस स्त्रियांचे पोशाख, चादरी, गालिचे अशा अनेक शब्दांसाठी तिचे नाव सर्वांत वर दिसत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले, की असंबद्ध अशा असंख्य संकेतस्थळांवर पैसे देऊन या पेढीकडे जाणारे दुवे पेरलेले होते. गुगलने कारवाई करताच एका प्रकारच्या प्रवासी बॅगांच्या शोधात दोन तासांत ती पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेली. आपणास याची कल्पना नव्हती, असे पेढीने सांगितले व आपल्या सल्लागार संस्थेशी संबंध तोडले. पत विकत घेता येते असे ज्यांना वाटले, त्यांची पत दोन तासांत गेली. इतकी मोठी पेढी जेथे सुटली नाही, तेथे तालुक्याच्या दुकानाचे काय? वडिलांनी सल्लागारास नम्रपणे नकार कळविला.

गुगलनेही पुढे नियम कडक केले. फेब्रुवारी २०११ मध्ये निकृष्ट व नक्कल केलेल्या मजकुराविरुद्ध ‘पांडा’ नावाची सुधारणा आली, तर एप्रिल २०१२ मध्ये कृत्रिम दुव्यांविरुद्ध ‘पेंग्विन’. आपल्या देशातील कायदाही याबाबत स्वस्थ नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची प्रशंसा लिहिणे निषिद्ध आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक प्रसिद्ध केले. हातमागाच्या मालाची ओळख पटावी म्हणून शासनाचे ‘हँडलूम मार्क’ हे चिन्ह तर २००६ पासून आहे, आणि इळकल साडीस भौगोलिक मानांकनही लाभलेले आहे.

कठीण दिवसांत विद्यार्थी स्वस्थ बसला नाही. तो आजोबांसह इळकलला गेला, विणकरांकडे दोन दिवस राहिला आणि परत येऊन त्याने एक दीर्घ लेख लिहिला : ‘हातमागाची इरकल कशी ओळखावी?’ पारंपरिक इरकलीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो; दोहोंचे धागे फासे घालून एकमेकांत अडकविलेले असतात, त्यास ‘तोप तेनी’ म्हणतात. तो सांधा पदराच्या आरंभी हाताला व डोळ्यांना जाणवतो. यंत्रमागावर अंग आणि पदर बहुधा एकाच ताण्यावर सलग निघतात. हे सारे त्याने छायाचित्रांसह मांडले. हातमागाच्या साडीस किती दिवस लागतात, ती महाग का, आणि रोजच्या वापरास यंत्रमागाची साडी का सोयीची, हेही प्रामाणिकपणे लिहिले. आपल्याच दुकानातील बहुतांश माल यंत्रमागाचा आहे, हे सांगण्यास तो कचरला नाही.

त्या शिक्षिकांना त्याने लेखाचा दुवा पाठविला. त्यांनी तो आपल्या मैत्रिणींना पाठविला. हस्तकलांवर लिहिणाऱ्या काही संकेतस्थळांनी त्या लेखाकडे बोट दाखविले. हे दुवे मागून वा विकत घेऊन मिळालेले नव्हते. सुमारे आठ महिन्यांनी तो लेख पहिल्या पानावर दिसू लागला. गुगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात कोणत्या शब्दांवरून किती वेळा पान दिसले आणि किती जण आत आले, याची नोंद असते. आजोबा जशी रोज संध्याकाळी किर्द पाहत, तसा नातू ही नोंद पाहू लागला. त्याबरोबरच गुगल नकाशावर दुकानाची विनामूल्य नोंदणी करून खरा पत्ता, वेळ, साप्ताहिक सुट्टी व आतील छायाचित्रे त्याने टाकली. पंचक्रोशीतील गिऱ्हाईक परत आणण्यास या साध्या नोंदीचा उपयोग सर्वांत अधिक झाला.

यातून दुकान धनाढ्य झाले, असे नव्हे. यंत्रमागाच्या साड्यांचा परगावचा खप पूर्वीइतका झाला नाही. परंतु मागविलेली साडी परत येण्याचे प्रमाण अगदी थोडे राहिले, आणि हातमागाच्या साड्यांसाठी ठरावीक विणकरांना वर्षभर मागणी देता येऊ लागली. ज्या वृद्ध माउलीने पदरावरून साडी ओळखली होती, तिच्यासाठी आजोबांनी इळकलहून खरी इरकल निवडून पाठविली. त्या साडीचे पैसे शिक्षिकांनी आग्रहाने दिले.

ही विद्या स्थिर नाही, याचीही जाणीव विद्यार्थी मित्रांनी ठेवावी. एके काळी पानाच्या अंतर्भागात शब्दांची छुपी यादी लिहीत. क्रमवारीसाठी ती विचारात घेतली जात नाही, असे गुगलने २००९ मध्येच सांगितले. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही काही प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर शोधनिकालांच्या वरच दिसू लागले. त्यामुळे वाचक दुकानाच्या पानापर्यंत येईलच, असे नाही. उद्या आणखी काही बदलेल. अशा वेळी युक्त्या पाठ करणारा मागे पडतो. ज्यास आपला माल ठाऊक आहे, गिऱ्हाइकाचे शब्द ठाऊक आहेत आणि जो स्वतः पाहिलेले लिहितो, त्याच्या लेखनाची गरज यंत्रालाही राहते.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी संगणकासमोर बसली, की ‘वेळ वाया चालला’ असे चटकन म्हणू नये. त्यांना आठवड्यातून एक दिवस गादीवर बसवावे, आणि त्यांनी दुकानाबद्दल जे लिहिले असेल ते मोठ्याने वाचून दाखवावयास सांगावे. गिऱ्हाइकासमोर जे म्हणता येणार नाही, ते तेथेच खोडावे. एवढी तपासणी करण्यासाठी आजोबांना संगणक येण्याची आवश्यकता पडली नाही.

तो विद्यार्थी आता पदवीधर झाला असून गावातील इतर दुकानदारांची संकेतस्थळेही करून देतो. कोणी काम घेऊन आले, की तो प्रथम संगणक उघडत नाही. तो म्हणतो, “एक दिवस तुमच्या दुकानात बसू द्या.” आणि वही घेऊन जातो.